दोन औंसांची बाटली आणि शिशाची फौज

शिशाचे पेराएवढे सैनिक टेबलावर मांडून लढाया खेळायचा छंद इंग्लंड-अमेरिकेत चांगला जुना आहे. एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली त्यावर ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहिलं. पुढे हे सैनिक घरोघरी रंगवले जाऊ लागले, ते बहुतेक हम्ब्रोल कंपनीच्या चिमुकल्या डब्यांतल्या एनॅमलनं. खोलीभर टर्पेंटाइनचा वास, एक थर वाळायला तास न् तास, आणि वाळल्यावर चेहऱ्यावर नको तेवढी चकाकी.

ऐंशीच्या दशकात पाण्यात मिसळणारे अ‍ॅक्रिलिक रंग या छंदात रुळले. १९८३ मध्ये ‘वॉरहॅमर’ हा टेबलावरच्या लढाईचा खेळ आला आणि गेम्स वर्कशॉपच्या सिटाडेल रंगांना मोठं गिऱ्हाईक मिळालं. नंतर स्पेनच्या वाय्येहो कंपनीच्या १७ मिलिलिटरच्या थेंब-बाटल्या आल्या. रंग उत्तम, पण बाटली इवलीशी. दोनशे-तीनशे सैनिकांची फौज रंगवायला बसणाऱ्याला ते परवडेना.

त्याच सुमारास अमेरिकेतल्या हस्तकलेच्या दुकानांत वेगळ्याच रंगांची मांडणी भरत होती. लाकडी ट्रे, मातीच्या कुंड्या, भिंतीवरच्या पाट्या रंगवणाऱ्यांसाठी केलेले हे ‘क्राफ्ट’ रंग: डेल्टा सिरॅमकोट, फोकआर्ट, अ‍ॅपल बॅरल, आणि केंटकीत १९८५ साली सुरू झालेल्या डेकोआर्टचा ‘अमेरिकाना’. दोन औंसांची, म्हणजे ५९ मिलिलिटरची बाटली डॉलर-दोन डॉलरला मिळायची. आपल्याकडे कापडावर नि कुंड्यांवर वापरतो त्या फेव्हिक्रिलच्या कुळातलेच हे रंग. सैनिक रंगवणाऱ्यांनी ते उचलले आणि त्यावरून वर्षानुवर्षं वाद झाले.

नावं ठेवणाऱ्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. या रंगांत रंगद्रव्य कमी, त्याचं दळण भरड, आणि भर म्हणून खडूसारखी पूड जास्त. कुंडीवर ते खपून जातं; २८ मिलिमीटर उंचीच्या सैनिकाच्या चेहऱ्यावर मात्र जाड थर दिला की डोळे-मिशा बुजतात. नुसतं पाणी घालून फार पातळ केला तर रंग धरून ठेवणारं अ‍ॅक्रिलिक विरळ होतं, थर डागाळतो आणि बोटानं पुसला जातो. त्यावर जुन्या लोकांनी शोधलेला इलाज साधा होता: पाण्याबरोबर थोडं मॅट मीडियम, म्हणजे रंगद्रव्य नसलेलं बिनचकाकीचं अ‍ॅक्रिलिक, घालायचं, आणि एका जाड थराऐवजी दोन पातळ थर द्यायचे. पिवळा आणि लाल तरीही दगा देतात. पिवळ्याखाली आधी तपकिरी आणि लालाखाली गुलाबी थर दिला तर ते उभे राहतात. चंदेरी-सोनेरी रंगांची चमकी इतकी मोठी असते, की तलवारीवर जत्रेतली टिकली लावल्यासारखं दिसतं. तिथे महागडी बाटलीच हवी.

मला या इतिहासातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो ‘मॅजिक वॉश’चा. फरशी चमकवायला अमेरिकेत ‘फ्यूचर’ नावाचं अ‍ॅक्रिलिक पॉलिश मिळायचं. ते पाण्यात मिसळायचं, त्यात तपकिरी किंवा काळ्या क्राफ्ट रंगाचे काही थेंब टाकायचे आणि मिश्रण सैनिकावर फिरवायचं. रंग आपोआप कपड्यांच्या चुण्यांत, बोटांच्या फटींत उतरतो आणि सावली तयार होते. काही जण तर सैनिक थेट लाकडाच्या रंगीत पॉलिशमध्येच बुडवत. २००७ साली सुरू झालेल्या डेन्मार्कच्या आर्मी पेंटर कंपनीनं ‘क्विकशेड’ या नावानं तसंच द्रव्य डब्यात भरून विकलं, आणि २०१९ मध्ये सिटाडेलचे ‘कॉन्ट्रास्ट’ रंग आले, जे एकाच थरात रंग आणि सावली दोन्ही देतात. झटपट फौज उभी करायची ही वाट काटकसरी लोकांनी कंपन्यांच्या आधी तुडवली होती, आणि हे श्रेय त्यांना मिळायलाच हवं.

आज चांगले रंग भरपूर मिळतात. तरी मोठ्या लढाया मांडणाऱ्यांना स्वस्त बाटली लागतेच. आपल्या जालना जिल्ह्यातली असईची लढाई घ्या. २३ सप्टेंबर १८०३, समोर इंग्रजांचा सेनापती वेलस्ली, इकडे शिंदे-भोसल्यांच्या फौजेतली कवायती पायदळं, तोफा आणि घोडदळाचे थवे. १५ मिलिमीटरच्या सैनिकांत ही बाजू मांडायची तर घोडेच किती लागतील! काळ्या प्रायमरवर क्राफ्टचा तपकिरी रंग कोरड्या ब्रशनं ओढला की घोड्याचे स्नायू आणि आयाळ उठून दिसतात. स्वारांचे अंगरखे मळकट पांढरे, पागोटी प्रत्येकाची निराळी, आणि जमीन, कैलना नदीचा काठ, घरांच्या भिंती सगळं त्याच बाटल्यांतून निघतं. समोरच्या इंग्रज पलटणींचे लाल कोट तेवढे मी वाय्येहोच्या लालानं रंगवतो.