ताटावर नको, कत्तलखान्यावर नजर हवी

मांसाहाराचा विषय निघाला की आपल्या समाजात लगेच दोन तट पडतात. काही उपासक म्हणतात, पंचशील घेतले ना, मग मटण सोडा. बाकीचे विचारतात, आमच्या ताटात काय असावे हे सांगणारे तुम्ही कोण? या रागाला कारण आहे. २०१५ साली महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी लागू झाली. २०१६ साली गुजरातेत उना येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या आपल्या तरुणांना भर रस्त्यात फटके मारले गेले. तेव्हापासून 'प्राणिदया' हा शब्द ऐकला तरी आपल्या वस्तीत लोक सावध होतात.

आम्हाला या वादात कोणाचे ताट बदलायचे नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. जनावर खाण्यासाठी मारले जाणार हे धरून चालले, तरी खुराड्यापासून सुरीपर्यंत त्याचे जे हाल होतात त्यांचा हिशेब कोणी ठेवायचा?

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत स्पष्ट फरक केला आहे. आपल्या देशाचा कायदाही जवळपास हीच रेघ ओढतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे कलम ११ सांगते की अन्नासाठी जनावर मारणे हा गुन्हा नव्हे. पण ते मारताना किंवा मारण्याची तयारी करताना त्याला विनाकारण यातना दिल्या, तर तो गुन्हा आहे.

ही विचारसरणी आपल्याला परकी नाही. सम्राट अशोकाने पाचव्या स्तंभलेखात गाभण किंवा दूध पाजणाऱ्या शेळ्या, मेंढ्या आणि डुकरिणी मारू नयेत, सहा महिन्यांच्या आतली पिल्ले मारू नयेत, असे कोरून ठेवले. भारत सरकारच्या २००१ च्या कत्तलखाना नियमांतही तेच सूत्र दिसते. गाभण जनावर, तीन महिन्यांच्या आतले पिल्लू असलेली मादी आणि तीन महिन्यांच्या आतले जनावर कापता येत नाही. एका जनावरासमोर दुसरे कापायचे नाही. पशुवैद्यकाने तपासून दाखला दिल्याशिवाय सुरी लावायची नाही.

आता थोडा हिशेब करू. आम्ही पडलो कारकून, आकडा दिसला की बेरीज-भागाकार आपोआप होतो. नियम म्हणतो, एका डॉक्टरने तासाला १२ आणि दिवसाला ९६ याहून जास्त जनावरे तपासू नयेत. म्हणजे प्रत्येक जनावराच्या वाट्याला पाच मिनिटे आली. ज्या कत्तलखान्यात रोज ३०० बकरे कापले जातात, तिथे चार डॉक्टर हवेत. तिथे एकच डॉक्टर असेल, तर उरलेल्या २०४ बकऱ्यांचे दाखले कसे तयार झाले? आजारी जनावराचे मटण दुकानात आले तर ते आपलीच लेकरे खाणार. म्हणून ही पाच मिनिटे जनावराची आहेत, तशी आपल्या घराचीही आहेत.

कोंबडीचे हाल तर आपण रोज डोळ्यांनी पाहतो. पाय बांधून मोटारसायकलच्या दांड्याला उलट्या टांगलेल्या कोंबड्या कोणत्या गावात दिसत नाहीत? यातना होतील अशा रीतीने प्राण्याची ने-आण करणे हाही कलम ११ खाली गुन्हा आहे. पिंजऱ्यात हालचाल करण्याइतकी जागा नसणे हाही गुन्हाच. २०१७ साली विधी आयोगाने २६९ व्या अहवालात पोल्ट्रीच्या पिंजऱ्यांचा प्रश्न हाती घेतला. २०२३ च्या नियमांत अंडी देणाऱ्या कोंबडीला किमान ५५० चौरस सेंटीमीटर जागा ठरली. कचेरीतला ए-फोर कागद मोजून पाहा, तो ६२३ भरतो. नियम झाल्यावरही कोंबडीच्या वाट्याला पूर्ण कागद येत नाही!

आणि दंड किती? २०२२ साली केंद्र सरकारने दंड वाढवण्याचा मसुदा लोकांपुढे ठेवला, तेव्हा कायद्यात पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड होता. एवढ्यात पावशेर चिकन तरी येते का?

कत्तलखान्यात राबणाऱ्या माणसाचा विचारही याच नियमांत आहे. १८ वर्षांखालील मुलाला तिथे कोणत्याही कामावर ठेवता येत नाही. मेलेली गुरे ओढण्याचे काम आपल्या वाडवडिलांवर लादले गेले होते आणि बाबासाहेबांच्या हाकेवर त्यांनी ते टाकून दिले. नकोसे काम गरिबाच्या गळ्यात कसे मारले जाते हे आपल्याला कोणी शिकवायला नको. जिथे जनावराला पाणी आणि विसावा मिळत नाही, तिथे कामगाराला हातमोजे, गमबूट मिळत असतील यावर आमचा विश्वास बसत नाही.

मग करायचे काय? रस्त्यात गाड्या अडवायच्या नाहीत, कोपऱ्यावरच्या खाटीकभावाशी भांडायचे नाही. तोही पोटासाठीच उभा आहे. जाब विचारायचा तो परवाना देणाऱ्या नगरपालिकेला आणि मोठ्या मालकांना. नियमांनुसार पशु कल्याण मंडळाला किंवा त्याने नेमलेल्या माणसाला आगाऊ सूचना न देता कत्तलखाना तपासता येतो. आपल्या हाती २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून साधा अर्ज करा आणि चार प्रश्न विचारा. गेल्या वर्षी एकूण किती जनावरे कापली? त्यासाठी किती पशुवैद्यक हजर होते? किती जनावरे नापास झाली? शेवटची तपासणी कधी झाली? उत्तर तीस दिवसांत मिळायला हवे.

विहारातल्या रविवारच्या बैठकीनंतर चार तरुणांनी बसून असा एक अर्ज लिहिला, तर त्याला अर्धा तास लागेल. शाकाहारी-मांसाहारी दोघांनी त्यावर सही करावी. मैत्री आणि करुणा हे शब्द आपण वंदनेत रोज उच्चारतो. नगरपालिकेच्या आवक-जावक वहीतही त्यांची एकदा नोंद होऊ द्या.