विश्लेषण : जंगलतोडीची भरपाई वृक्षलागवडीने होते, मग मातीतल्या कार्बनची भरपाई कशाने?

जंगल म्हटले की कार्बन झाडांच्या खोडात साठतो, असे सर्वसाधारणपणे समजले जाते. प्रत्यक्षात भारतातील वनांमध्ये असलेल्या कार्बनपैकी निम्म्याहून अधिक वाटा मातीत आहे. हा साठा तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात आणि तो कमी व्हायला काही वर्षेही पुरतात. मातीत कार्बन टिकतो कशामुळे, तो बाहेर कधी पडतो आणि वृक्षलागवडीच्या हिशेबात त्याला किती स्थान आहे, याविषयी…

जंगलाच्या मातीत नेमका किती कार्बन?

भारतीय वन सर्वेक्षण संस्था जंगलातील कार्बनची मोजणी पाच भागांत करते. जमिनीवरील झाडोरा, जमिनीखालील मुळे, वाळलेले लाकूड, पालापाचोळा आणि मातीतील सेंद्रिय कर्ब. संस्थेच्या २०१९च्या अहवालानुसार देशातील वनांमधील एकूण कार्बनसाठा ७१२ कोटी टनांहून अधिक होता. त्यापैकी सुमारे ४०० कोटी टन, म्हणजे ५६ टक्के कार्बन एकट्या मातीत होता. डिसेंबर २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या २०२३च्या अहवालात एकूण साठा ७२८.५५ कोटी टनांवर गेला. त्यातही सर्वात मोठा वाटा मातीचाच आहे.

जगाचा विचार केला तर जमिनीच्या वरच्या एक मीटर थरात सुमारे दीड लाख कोटी टन सेंद्रिय कर्ब आहे. वातावरणात सध्या कार्बन डायऑक्साइडच्या रूपात असलेल्या कार्बनपेक्षा हा साठा बराच मोठा आहे. त्यामुळे त्यात टक्का-दोन टक्क्यांची घट झाली तरी हवामानावर त्याचा परिणाम होऊ शकतो.

हा कार्बन मातीत येतो कसा?

मातीतील कर्ब म्हणजे सतत भरणारी आणि सतत गळणारी टाकी. पडलेली पाने, फांद्या, मेलेली मुळे आणि मुळांतून पाझरणारी साखर ही आवक. बुरशी व जिवाणू हे सारे खातात आणि श्वसनातून कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतात, ही जावक. धूप होऊन वाहून जाणारी माती हीदेखील जावकच. आवक जास्त असेल किंवा जावक मंद असेल, तर साठा वाढतो.

वरून पडणारा पाला डोळ्यांना दिसतो, त्यामुळे तोच मुख्य स्रोत वाटतो. मात्र २०१३मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने वेगळे चित्र मांडले. उत्तर स्वीडनमधील तलावांतल्या जंगलव्याप्त बेटांवर हा अभ्यास झाला. तिथल्या मातीत साठलेल्या कार्बनपैकी ५० ते ७० टक्के कार्बन मुळे आणि मुळांशी जोडलेल्या बुरशीसारख्या सूक्ष्मजीवांमधून आल्याचे त्यात आढळले. म्हणजेच जंगलाची माती वरून जितकी भरते, तितकीच किंवा त्याहून अधिक ती आतून भरते.

सगळ्या मातींची क्षमता सारखी असते का?

नाही. मातीतला कर्ब ढोबळमानाने दोन रूपांत असतो. पहिला म्हणजे अर्धवट कुजलेल्या पाना-मुळांचे सुटे तुकडे. सूक्ष्मजीवांना ते सहज मिळतात, त्यामुळे ते काही वर्षांत किंवा दशकांत संपतात. दुसरा म्हणजे चिकणमातीच्या बारीक कणांना आणि लोह व ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडना घट्ट चिकटलेला कर्ब. तिथपर्यंत सूक्ष्मजीव सहज पोहोचू शकत नाहीत, त्यामुळे तो शतकानुशतके टिकू शकतो.

म्हणून रेताड जमिनीपेक्षा चिकण जमिनीत साधारणपणे जास्त कर्ब राहतो. महाराष्ट्रात बेसॉल्ट खडकापासून बनलेल्या काळ्या मातीत चिकण कणांचे प्रमाण मोठे असते. सह्याद्री आणि कोकणातल्या जांभ्या मातीत लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइड मुबलक असतात. दोन्ही मातींकडे कर्ब धरून ठेवण्याची यंत्रणा आहे, पण ती वेगवेगळी. मात्र उतारावरचा थर पातळ असेल किंवा धुपून गेला असेल, तर या क्षमतेचा उपयोग होत नाही.

तापमान वाढल्यावर काय होते?

थंड प्रदेशात कुजण्याचा वेग कमी असतो. त्यामुळे कॅनडा, रशिया, स्कँडिनेव्हियाच्या जंगलांतील सुमारे ६० टक्के कार्बन मातीत आहे. उष्णकटिबंधीय जंगलांत हे प्रमाण सरासरी ३२ टक्क्यांच्या आसपास आहे आणि तिथे निम्म्याहून अधिक कार्बन जिवंत झाडांमध्ये असतो. जागतिक वनांचा ताळेबंद मांडणाऱ्या २०११च्या अभ्यासातील हे आकडे आहेत.

तापमानवाढीचा परिणाम तपासण्यासाठी अमेरिकेतील हार्वर्ड फॉरेस्टमध्ये १९९१पासून मोठा प्रयोग सुरू आहे. जमिनीत विजेच्या तारा पुरून माती आजूबाजूच्या मातीपेक्षा ५ अंश सेल्सियसने उष्ण ठेवली जाते. २६ वर्षांत वरच्या ६० सेंटिमीटर थरातील सुमारे १७ टक्के कार्बन कमी झाल्याचे २०१७मध्ये जाहीर करण्यात आले. पनामातील उष्णकटिबंधीय जंगलात माती ४ अंशांनी तापवल्यावर दोन वर्षांत मातीतून होणारे कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन ५५ टक्क्यांनी वाढले. उष्ण प्रदेशातल्या मातीला उष्णतेची सवय आहे, तिच्यावर फार परिणाम होणार नाही, हा समज या प्रयोगामुळे मागे पडला.

खारफुटीची माती वेगळी का?

कुजण्यासाठी प्राणवायू लागतो. पाण्याने भरलेल्या चिखलात तो पोहोचत नाही, त्यामुळे सूक्ष्मजीवांचे काम मंदावते. खारफुटीत भरती-ओहोटीबरोबर गाळही येतो आणि सेंद्रिय पदार्थ त्याखाली गाडले जातात. परिणामी तिथे मीटरभर किंवा त्याहून खोलपर्यंत कर्बाचे थर साचतात. ठाणे खाडीपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या खारफुटीचे महत्त्व वादळापासून संरक्षण आणि मासेमारीपुरते मर्यादित नाही, ते यामुळेच. भराव टाकला, बांध घालून पाणी अडवले आणि चिखल सुकला, की त्यात प्राणवायू शिरतो आणि साठलेला कार्बन बाहेर पडू लागतो.

झाडांच्या जातीमुळे फरक पडतो का?

पडतो. शिरीष, करंज यांसारख्या शेंगवर्गीय झाडांच्या पानांत नत्र जास्त असते, ती लवकर कुजतात. पाइन किंवा निलगिरीचा पाला सावकाश कुजतो, त्यामुळे तो जमिनीवर साचून राहतो. मात्र सावकाश कुजणे म्हणजे जास्त काळ टिकणे, असे सरळ समीकरण नाही. लवकर कुजणारा पाला सूक्ष्मजीवांच्या शरीराचा भाग होतो आणि त्यांचे अवशेष चिकण कणांना चिकटून टिकतात. सावकाश कुजणारा पाला वरच पडून राहतो आणि एका वणव्यात नाहीसा होऊ शकतो.

वणव्याने मातीचे काय नुकसान होते?

महाराष्ट्रात फेब्रुवारी ते मे या काळात वणव्यांचे प्रमाण जास्त असते. त्यातील बहुतेक मानवी कारणांनी लागतात. मोहाची फुले वेचणे सोपे व्हावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो आणि आग पसरते. हलकी आग मातीच्या खोल थरापर्यंत पोहोचत नाही. पण दरवर्षी पाला जळत राहिला तर आवक थांबते, जमीन उघडी पडते आणि पहिल्याच जोरदार पावसात राखेसह वरची माती वाहून जाते. कर्ब सर्वाधिक असतो तो याच वरच्या थरात. जळताना तयार होणारा कोळसा मात्र मातीत दीर्घकाळ राहतो, पण त्याने एकूण नुकसान भरून निघेलच असे नाही.

याउलट, अनेक देवरायांमध्ये पडलेले वाळके लाकूडही उचलायचे नाही, असा रिवाज आहे. श्रद्धेतून आलेल्या या नियमामुळे मातीला मिळणारी आवक पिढ्यानपिढ्या अखंड राहते.

जास्त झाडे लावली तर कर्ब आपोआप वाढेल?

येथेच खरी अडचण आहे. ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी २००२मध्ये जमीनवापराविषयीच्या ७४ शोधनिबंधांचे एकत्रित विश्लेषण केले. नैसर्गिक जंगल तोडून शेती केल्यावर मातीतील कर्ब सरासरी ४२ टक्क्यांनी घटतो, असे त्यात दिसले. नैसर्गिक जंगलाच्या जागी लागवडीचे जंगल आणले तरी तो १३ टक्क्यांनी कमी होतो. गवताळ कुरणावर झाडे लावल्यास १० टक्के घट होते. शेतजमिनीवर लावल्यास मात्र १८ टक्के वाढ होते. थोडक्यात, झाड कोणते, याइतकेच ते कुठे लावले, हे महत्त्वाचे ठरते.

झाडे जोमाने वाढली तरी माती श्रीमंत होईलच, असेही नाही. २०२१मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढवून केलेल्या १०८ प्रयोगांची तपासणी करण्यात आली. जंगलांत झाडांचे वजन सरासरी २३ टक्क्यांनी वाढले, पण मातीतील कर्ब वाढला नाही. गवताळ प्रदेशात वनस्पती फक्त ९ टक्क्यांनी वाढल्या, तरी मातीतील कर्ब ८ टक्क्यांनी वाढला. वाढीसाठी लागणारे नत्र मिळवताना झाडे मुळांवरच्या बुरशीला साखर पुरवतात आणि या प्रक्रियेत मातीतला जुना सेंद्रिय पदार्थ फोडला जातो, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

मोजणी अवघड का?

एक उदाहरण पाहू. एक हेक्टर जमिनीचा ३० सेंटिमीटरचा थर म्हणजे ३,००० घनमीटर माती. घनता प्रति घनमीटर १.२ टन धरली तर तिचे वजन ३,६०० टन होते. त्यात दीड टक्का सेंद्रिय कर्ब असेल तर ५४ टन कार्बन, म्हणजेच जवळपास १९८ टन कार्बन डायऑक्साइड. आता हे प्रमाण १.५वरून १.४ टक्क्यांवर आले, तर हेक्टरी १३ टन कार्बन डायऑक्साइडचा फरक पडतो. पण एकाच जंगलात दहा पावलांवर घेतलेल्या दोन नमुन्यांतही याहून जास्त तफावत येऊ शकते. शिवाय मोजणी सहसा ३० सेंटिमीटरपर्यंतच होते. जगाचा विचार करता पहिल्या मीटरमधील जवळपास निम्मा कर्ब त्याखाली असतो.

भारताच्या उद्दिष्टांशी याचा संबंध काय?

२०३०पर्यंत वने आणि वृक्षाच्छादनातून २५० ते ३०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड शोषण्याइतकी अतिरिक्त क्षमता निर्माण करण्याचे भारताचे उद्दिष्ट आहे. २००५च्या तुलनेत त्यापैकी २२९ कोटी टनांचा टप्पा गाठल्याचे २०२३च्या वन अहवालात म्हटले आहे. कागदावर लक्ष्य जवळ आले आहे. मात्र राज्याच्या २०१९मधील ३३ कोटी वृक्षलागवड मोहिमेसारख्या उपक्रमांचे यश रोपांच्या संख्येत मोजले जाते. प्रकल्पांसाठी जंगल तोडल्यावर होणारी पर्यायी वनीकरणाची भरपाईदेखील मुख्यतः क्षेत्र आणि रोपे यांवर ठरते.

जुन्या जंगलाच्या एका हेक्टरच्या बदल्यात दुसरीकडे एक हेक्टर रोपे लावली, तर खोडांतला कार्बन काही दशकांत भरून येऊ शकतो. पहिल्या जागेवर खोदकामाने उघडी पडलेली माती मात्र नव्या जागी नेता येत नाही. म्हणूनच असलेले जंगल न तोडणे, वणवे रोखणे, पालापाचोळा जागेवर राहू देणे आणि गवताळ माळांऐवजी पडीक शेतजमिनींवर स्थानिक झाडांची मिश्र लागवड करणे, हे उपाय मातीतला कर्ब राखण्यासाठी अधिक भरवशाचे ठरतात. यातील पहिल्या उपायाला तर रोपही लागत नाही.