इटॅलिक म्हणजे नुसतं तिरकं अक्षर नव्हे

रोमन लिपीतल्या उभ्या सेरिफ अक्षरांच्या जोडीला जे इटॅलिक येतं, त्याच्याविषयी आज बोलू. संगणकावर एक बटण दाबलं की अक्षरं तिरकी होतात. त्यामुळे आपला समज असा, की इटॅलिक म्हणजे तिरकं अक्षर. पण तिरकेपणा हे त्याचं एक लक्षण झालं, ओळख नव्हे.

व्हेनिसचा मुद्रक आल्डस मॅन्युशिअस यानं 1501 साली व्हर्जिलची काव्यं छापली, ती अख्खी इटॅलिकमध्ये. पुस्तक लहान, हातात धरून वाचण्याजोगं. तावाला तीन घड्या घातल्या की आठ पानं. अक्षरांचे पंच कोरले होते फ्रान्चेस्को ग्रिफोनं. समोर नमुना होता तो त्या काळच्या इटालियन विद्वानांच्या झरझर लिहिलेल्या हस्ताक्षराचा. म्हणजे इटॅलिक जन्मलं ते वळणदार लिखाणातून, उभं अक्षर वाकवून नव्हे. गंमत बघा, त्या पुस्तकात मोठी अक्षरं, कॅपिटल्स, सरळ उभीच आहेत!

आल्डसनं पुस्तकाच्या सुरुवातीलाच ग्रिफोचं कौतुक केलं. पण 1502 मध्ये व्हेनिसच्या सरकारकडून या अक्षरांचा एकाधिकार मिळाला, तो आल्डसला. ग्रिफो व्हेनिस सोडून फानो गावी सोन्चिनो या मुद्रकाकडे गेला. 1503 च्या पेत्रार्कच्या पुस्तकात सोन्चिनोनं जाहीर लिहिलं, की ही अक्षरं घडवणारा खरा ग्रिफोच. अक्षर कोणाचं, कोरणाऱ्याचं की छापणाऱ्याचं? हा वाद तेव्हापासूनचा आहे. एकाधिकाराचा उपयोगही फारसा झाला नाही. फ्रान्समधल्या लियाँच्या मुद्रकांनी नकला काढल्याच.

पुढे सोळाव्या शतकातच इटॅलिकचं काम बदललं. सबंध पुस्तकाऐवजी ते उभ्या मजकुराच्या सोबतीला आलं: ग्रंथाचं नाव, परका शब्द, जोर द्यायचा शब्द. या सोबतीची एक मजा सांगतो. 1989 च्या ॲडोबी गॅरामॉन्डमध्ये उभी अक्षरं क्लोद गॅरामॉन्डच्या वळणावर आहेत, आणि इटॅलिक मात्र रोबेर ग्रांजोंच्या. दोन वेगळे कारागीर, तरी जोडी जमते.

आता खरं इटॅलिक ओळखायचं कसं? गॅरामॉन्डमधलं छोटं 'ए' बघा. उभ्या रूपात त्याच्या डोक्यावर छत्री असते. इटॅलिकमध्ये ती जाते, उरतो एक गोल आणि त्याला टेकलेली रेघ. छोटं 'एफ' ओळीखाली उतरतं. अक्षरं थोडी अरुंद होतात, शेवटाला लेखणी उचलल्यासारखं वळण येतं. यातलं काही नसेल, तर ते यंत्रानं ढकललेलं उभं अक्षर समजा.

आणि म्हणूनच मराठी मजकुरावर ते बटण दाबताना जरा थांबा. देवनागरीला अशी वेगळ्या हस्ताक्षरातून आलेली इटॅलिकची जोडी परंपरेनं नाही. बहुतेक फॉन्टमध्ये संगणक नुसतं अख्खं उभं अक्षर कलतं करतो. जोर द्यायचा असेल तर ठळक अक्षर आहे, अवतरणचिन्ह आहे, आणि सगळ्यात आधी वाक्यातली शब्दाची जागा आहे.