शिलेदाराचें पत्र

‘शिलेदार’ हा शब्द वाचकांस नवा नाहीं. मराठेशाहींत जो स्वार स्वतःचें घोडें व हत्यार घेऊन चाकरीस येई तो शिलेदार, आणि ज्यास सरकारी पागेंतलें घोडें मिळे तो बारगीर, हें आम्ही वर्गांत मुलांस कित्येक वर्षें सांगत आलों. पेशवाई बुडाली तरी हा शब्द बुडाला नाहीं. इंग्रजांनीं तो आपल्या हिंदी रिसाल्यांत उचलून नेला, आणि १९१४ च्या महायुद्धांत तो फ्रान्सच्या चिखलापर्यंत जाऊन पोंचला.

या रिसाल्यांची रीत अशी होती. भरती होणारा तरुण घोडें व सरंजाम यांसाठीं ठराविक रक्कम भरी. तिला ‘असामी’ म्हणत. बंदूक व दारूगोळा सरकारचा; बाकी घोडें, खोगीर, कपडे, दाणावैरण सारें त्यानें आपल्या पगारांतून सांभाळावयाचें. दोन स्वारांत मिळून गवत कापणारा एक गडी व एक तट्टू असे. घोडें मेल्यास दुसरें घेतां यावें म्हणून वर्गणीचा फंडहि असे. तेव्हां खोगिराखालीं बापाच्या शेतीचा पैसा होता, असें म्हटलें तरी चालेल. देशांत हें ठीक चाले; पण समुद्रापलीकडे घोडें पडलें तर दुसरें आणावयाचें कोठून? युद्धानें ही रीत मोडकळीस आणली आणि १९२१ च्या सुमारास ती कायमची बंद झाली.

फ्रान्सांत दोन हिंदी घोडदळ डिव्हिजनें गेलीं. त्यांतल्या सिकंदराबाद ब्रिगेडींत पूना हॉर्स व डेक्कन हॉर्स हे दोन रिसाले होते. नांवें आमच्या मुलखाचीं. पूना हॉर्सचा उगम तर दुसऱ्या बाजीरावाशीं १८१७ सालीं झालेल्या पुण्याच्या तहांत. स्वार मात्र पुष्कळसे राजपुताना व पंजाब इकडचे. हिंदी पायदळ १९१५ च्या अखेरीस बहुतेक मेसोपोटेमियाकडे हलविण्यांत आलें. घोडदळ तेथेंच राहिलें, तें १९१८ च्या आरंभापर्यंत. शत्रूची फळी फुटेल, वाट मोकळी होईल आणि मग घोडे सुटतील, या आशेवर त्यास राखून ठेविलें होतें. फळी फुटेना. मग स्वारांनीं घोडे मागें ठेवावे, पायीं खंदकांत जावें, माती उपसावी, आणि परत येऊन पुन्हा खरारा करावा. १४ जुलै १९१६ च्या संध्याकाळीं सोमच्या लढाईंत डेक्कन हॉर्सनें हाय वुड नांवाच्या रानाजवळ भाले रोखून चाल केली, असे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजण्याजोगे. १ डिसेंबर १९१७ रोजीं कांब्रेच्या लढाईंत गोविंदसिंह नांवाच्या राठोड स्वारानें दीड मैल उघड्या माळावरून, गोळ्यांच्या वर्षावांत, तीन वेळां निरोप पोंचविला. तिन्ही वेळां घोडें खालीं पडलें व उरलेली वाट त्यानें पायीं काटली. त्यास व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

परंतु घरचा निरोप पोंचविणें याहून अवघड होतें. बहुतेक स्वारांस लिहितांवाचतां येत नव्हतें, म्हणून ज्यास येई त्याच्याकडून पत्र लिहवून घ्यावें लागे. तें पुढें रिसाल्याच्या अधिकाऱ्याच्या नजरेखालून जाई, आणि मग बुलोन येथें हिंदी टपालाचे तपासनीस बसत त्यांच्या हातीं पडे. या कचेरीचा प्रमुख आरंभीं हॉवेल नांवाचा, हिंदुस्थानांतील मुलकी नोकरींतला अधिकारी होता. १९१५ च्या मार्चांत फ्रान्सांतले हिंदी शिपाई आठवड्यास दहा ते वीस हजार पत्रें लिहीत होते. इतकीं सारीं वाचणें मूठभर माणसांच्या आवाक्याबाहेरचें. तेव्हां निवडक पत्रें वाचावीं, उतारे इंग्रजींत उतरवावे आणि वरिष्ठांकडे अहवाल धाडावा, असा क्रम पडला. पत्र बहुधा पुढें जाऊं देत. गांवीं पोंचल्यावरहि वाचणारा दुसराच, आणि ऐकणारे चारचौघे. कालिदासाच्या यक्षास निरोप्या म्हणून मेघ मिळाला. मेघ पत्र फोडीत नाहीं.

अशा पत्रांत नवऱ्यानें बायकोस काय लिहावें? पत्रें बहुधा बाप, भाऊ, चुलता यांच्या नांवें. पाऊस कसा आहे, म्हैस व्याली काय, कर्ज किती फिटलें, खटला कोठवर आला, हाच मजकूर. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या वाचकांस हें फोडून सांगावयास नको. परगांवीं असलेल्या मुलाचें पत्र वडिलांच्या नांवें येई, आणि शेवटच्या ‘बाकी मंडळीस यथायोग्य’ या शब्दांत सुनेनें आपला वांटा ओळखून घ्यावा.

जें उघड लिहितां येत नसे तें आडून लिहीत. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई आणि लाल मिरची म्हणजे गोरे, ही त्यांतली सांकेतिक भाषा. काळी मिरी संपत आली असें वाचलें कीं भावानें समजावें, आपण भरती होऊं नये. तपासनिसांसहि हें कोडें लवकरच उलगडलें. पण असा मजकूर लिहिणारे लिहीतच राहिले.

याच पत्रांत एक विषय वरचेवर येतो, आणि जन्मभर शिकविण्याचाच धंदा केलेल्या आम्हांस त्याचें फार वाटतें. थंडीच्या दिवसांत स्वारांची उतरण्याची सोय फ्रेंच खेड्यांतून, शेतकऱ्यांच्या घरीं होई. तेथील पुरुष लढाईवर गेलेले. शेत, गोठा, हिशेब सारें बायका पाहात. एखादी म्हातारी, जिचे स्वतःचे मुलगे रणांत, ती या परक्या मुलांचे कपडे धुई, आजारपणांत उशाशीं बसे. ते तिला आई म्हणत. त्या बायका वाचूं शकत, पत्र स्वतः लिहूं शकत. मग हे निरक्षर स्वार दुसऱ्याच्या हातानें घरीं लिहवीत, कीं मुलींस शाळेंत घाला. स्वतःचें दुःख बायकोस सांगावयास तिसरा माणूस लागतो, हें ज्यास रोज सोसावें लागे त्यास शिक्षणाचें महत्त्व व्याख्यान देऊन पटवावें लागलें नाहीं. याच सुमारास, १९१६ सालीं, अण्णासाहेब कर्व्यांनीं पुण्यास महिला विद्यापीठ काढलें, आणि आमच्यांतल्या पदवीधरांनींहि त्याची थट्टा केली, हें येथें सांगितलें पाहिजे.

त्या सल्ल्यानें किती मुली शाळेंत गेल्या, याचा हिशेब कोणी ठेविला नाहीं. तपासनिसांनीं मात्र आपले अहवाल जपून ठेविले. ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आहेत, आणि त्यांतल्या पत्रांचीं पुस्तकें छापून निघालीं आहेत. गांवोगांवीं गेलेलीं मूळ पत्रें बहुतेक नाहींशीं झालीं. कोणी चुलींत घातलीं असतील, कोणाचीं वाळवीनें खाल्लीं. त्यामुळें मुलानें आपल्या बोलींत काय म्हटलें तें आज कोठें सांपडत नाहीं. ज्या परक्यानें संशयानें पाकीट उघडलें, त्याचें इंग्रजी भाषांतर तेवढें हातीं येतें. आणि बायकोनें उलट काय लिहवून घेतलें, हें त्या अहवालांतहि क्वचितच भेटतें.