दगडफुलाची राखण

उन्हाळ्यात जालन्याच्या घराघरांत काळ्या मसाल्याची तयारी सुरू होते, तेव्हा धणे, खोबरे, तीळ आणि खडा मसाला यांच्यासोबत दगडफुलाची एक पुडी येतेच. कच्चे असताना त्याला मातकट, मंद वास असतो. तेलात पडले की तेच दगडफूल सगळ्या मसाल्याला खोली देते. निवडताना त्यातून झाडाच्या सालीचे तुकडे निघतात, कारण बाजारात येणारे बहुतेक दगडफूल झाडांच्या खोडांवरून आणि फांद्यांवरून खरवडलेले असते. उत्तराखंड-हिमाचलच्या ओक वनांतून आणि दक्षिणेच्या डोंगरांतून ते येते. जालना जिल्ह्यात ते पिकत नाही आणि कोठेच कोणी ते पेरत नाही. हळद, मिरची, धणे, जिरे ही सगळी शेतातली पिके आहेत. दगडफूल मात्र आजही जंगलातून तोडूनच आणले जाते. त्यामुळे मागणी वाढत असेल तर त्याची लागवड का करू नये, हा प्रश्न स्वाभाविक आहे. दगडफुलाची लागवड पिकासारखी होऊ शकत नाही, फक्त राखण होऊ शकते, असे माझे म्हणणे आहे. आणि ही राखण जंगल जवळजवळ नसलेल्या जालन्यासारख्या जिल्ह्यालाही करता येण्याजोगी आहे.

याचे कारण दगडफुलाच्या घडणीत आहे. शास्त्रीय मराठीत ज्याला शैवाक म्हणतात तो एक जीव नसून बुरशी आणि हरित शैवाल (किंवा नील-हरित जीवाणू) यांचा एकत्र संसार आहे, हे स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सिमॉन श्वेंडेनर यांनी १८६७ साली मांडले. शैवाल उन्हातून अन्न तयार करते; बुरशी त्याला आडोसा, ओल आणि सालीवर टिकण्याची पकड देते. पुढे २०१६ साली टोबी स्प्रिबिल आणि सहकाऱ्यांनी अनेक शैवाकांच्या वरच्या थरात यीस्टसारखी आणखी एक बुरशीही दाखवून दिली. असा संसार बी पेरून उगवत नाही. बुरशीच्या बीजाणूतून एकटी बुरशीच निघते आणि तिला योग्य शैवाल योगायोगानेच भेटावे लागते. अनेक जाती म्हणून वेगळा मार्ग धरतात: बुरशी आणि शैवाल दोन्ही असलेली बारीक पूड किंवा इवलेसे अंकुर पृष्ठभागावर तयार करून वाऱ्या-पावसाच्या हवाली करतात. अमेरिकेतल्या क्लार्क विद्यापीठाचे व्हर्नन अहमदजियन यांनी दोन्ही घटक वेगळे वाढवून पुन्हा एकत्र आणण्याचे प्रयोग अनेक वर्षे केले. त्यांतून दिसले ते पिकाच्या नियमाच्या अगदी उलट होते. भरपूर अन्न आणि सततची ओल दिली की दोघे आपापल्या वाटेने वाढतात आणि शैवाक बनत नाही. उपास घडला, ओल-सुकीची पाळी लागली, की मगच ते एकमेकांना धरतात. खत आणि पाणी देऊन वाढवण्याच्या आपल्या सगळ्या कौशल्याला इथे जागा नाही.

यावर पहिला आक्षेप प्रयोगशाळेकडून येतो. शैवाकाचे तुकडे धुऊन, वाटून, बारीक जाळीतून गाळून त्यांतले कण परीक्षानळीत वाढवण्याची पद्धत जपानमध्ये योशिकाझू यामामोतो आणि सहकाऱ्यांनी १९८५ साली प्रसिद्ध केली. पुण्यातही हे काम झाले आहे. १९४६ साली महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीच्या रूपाने सुरू झालेल्या आणि पुढे शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या नावाने ओळखल्या जाऊ लागलेल्या आघारकर संशोधन संस्थेत पी. जी. पटवर्धन, उर्मिला मखीजा आणि भास्कर बेहेरा यांनी शैवाकांच्या अभ्यासाची मोठी परंपरा उभी केली. सह्याद्रीतले अस्निया घाटेन्सिस हे शैवाक तिथे प्रयोगशाळेत वाढवून त्यातल्या जीवाणूरोधक आणि ऑक्सिडीकरण रोखणाऱ्या घटकांवर २००५ साली निबंधही प्रसिद्ध झाला. हे काम मोलाचे आहे. औषधी घटक हवे असतील तर जंगल न ओरबाडता ते मिळवण्याचा हा रस्ता आहे. पण नळीत वाढतो तो ऊतींचा गोळा. कढईत पडते ते पापुद्र्यासारखे, काठाला वळलेले, वर्षानुवर्षे ऊन-पाऊस सोसलेले अंग. पानासारखी शैवाके वर्षाला काही मिलिमीटर वाढतात. काठ दरवर्षी चार मिलिमीटर पुढे सरकतो असे धरले, तरी तळहाताएवढे, म्हणजे पाच सेंटिमीटर अर्धव्यासाचे वर्तुळ व्हायला साडेबारा वर्षे लागतात. बारा वर्षांनी एकदा निघणाऱ्या पिकाला शेतकरी पीक म्हणणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

म्हणून जगात शैवाकाची निगा जिथे खरोखर घेतली जाते तिथे ती पुनर्वसनाच्या रूपाने घेतली जाते. स्वित्झर्लंडमध्ये क्रिस्टोफ शाइडेगर यांनी १९९५ साली धोक्यात आलेल्या लोबॅरिया पल्मोनॅरिया या वनशैवाकाचे सूक्ष्म अंकुर गॉझच्या कापडावर घेऊन झाडांच्या खोडांवर बसवले आणि ते कसे रुजतात ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. या कामात कौशल्य लागते ते जागा निवडण्यात: सालीचा खडबडीतपणा, तिची आम्लता, सावलीचे प्रमाण, आणि मुख्य म्हणजे ते झाड पुढची काही दशके उभे राहणार का, हा प्रश्न. आपल्याकडे उत्तराखंडच्या वनविभागाने २०२० साली मुनस्यारीला देशातले पहिले शैवाक उद्यान केले. तिथेही भर आहे तो शैवाके असलेला परिसर राखून लोकांना ती दाखवण्यावर.

आता जालना. औरंगाबाद जिल्ह्यातून १ मे १९८१ रोजी वेगळा झालेला हा जिल्हा राज्यातल्या सर्वांत कमी वनक्षेत्राच्या जिल्ह्यांपैकी एक आहे. उत्तरेला भोकरदन-जाफ्राबादकडे अजिंठ्याच्या रांगा उतरतात, दक्षिणेला गोदावरी वाहते, आणि पाऊस सरासरी ७०० मि.मी.च्या आसपास. इथे कसले आले वनशैवाक, असे कोणी म्हणेल. मसाल्याचे, मोठ्या पापुद्र्यांचे दगडफूल या हवेत नाही, हे खरेच. पण शैवाक म्हणजे केवळ तेवढेच नव्हे. भारतात अडीच हजारांहून अधिक जाती नोंदल्या आहेत आणि त्यांतल्या कित्येक कोरड्या प्रदेशातल्या आहेत. पिक्सिने कोकोएस ही करड्या रंगाची, सालीला घट्ट चिकटलेली जात उष्ण सपाट प्रदेशांत आंब्याच्या खोडांवर सर्रास वाढते. तिच्यातले एक द्रव्य अतिनील दिव्याखाली पिवळे चमकते. शैवाक वाळून महिनोन्‌महिने निपचित पडून राहते आणि ओल लागताच काही मिनिटांत पुन्हा अन्न बनवू लागते. हरित शैवालाच्या जातींना तर दवाचा किंवा नुसत्या दमट हवेचाही आधार पुरतो. मराठवाड्यातल्या हिवाळी पहाटा त्यांच्यासाठी वाया जात नाहीत. इथे खरी उणीव आहे ती जुन्या सालीची. खोड वयाने मोठे, भेगाळलेले आणि सावली-उजेडाची पाळी असलेले लागते, आणि तेच झाड आपल्याकडे बांध कोरताना, रस्ता रुंद करताना आधी तुटते. एका चिंचेच्या बदल्यात दहा रोपे लावली, की हिशेब पुरा झाला असे कागदावर दिसते. त्या दहा रोपांच्या कोवळ्या सालीवर ते जग परत यायला एक पिढी जाते.

शेतकऱ्याचा आक्षेप याहून गंभीर आहे आणि त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे. मोसंबीच्या झाडावर पांढरट-करडे डाग दिसले की तो रोग समजून खोड घासले जाते. मोसंबी हे जालन्याचे नावाजलेले फळ; २०१२-१३ च्या दुष्काळात बागाच्या बागा जळाल्या, तेव्हा उरलेल्या झाडाबद्दल शेतकरी काळजी करणारच. पण शैवाक झाडाचा रस पीत नाही. त्याचे धरून ठेवणारे तंतू मेलेल्या वरच्या सालीपुरतेच असतात. अशक्त झाडावर ते जास्त दिसते, कारण पाने विरळ झाली की खोडावर उजेड पडतो. म्हणजे ते झाडाच्या दुखण्याचे कारण नसून त्या दुखण्याने मोकळ्या केलेल्या जागेत आलेले असते. मोसंबीचा खरा शत्रू डिंक्या. त्यासाठी बोर्डो पेस्ट लावायलाच हवी, तिथे शैवाकासाठी झाडाचा बळी देऊ नये. मात्र ही पेस्ट जमिनीपासून सुमारे एक मीटर उंचीपर्यंत लावण्याची शिफारस आहे. त्यावरच्या फांद्या तारेच्या ब्रशने घासून काही साधत नाही, उलट सालीला जखम होते. आणि बांधावरच्या आंब्या-कडुनिंबाला तर हात लावण्याचे कारणच नाही.

या राखणीतून मिळते काय, असाही सवाल आहे. जालना सळयांचे शहर आहे. पोलाद वितळवणारे आणि लाटणारे कारखाने इथे मोठ्या संख्येने आहेत. शैवाकाला मुळे नाहीत, पानासारखे मेणाचे कवच नाही. ते जे घेते ते हवेतून आणि पावसातून घेते, आणि धातूंचे कण अंगात साठवते. १८६६ साली वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम निलँडर यांनी पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेत टिकलेली आणि शहराच्या इतर भागांतून नाहीशी झालेली शैवाके पाहून ती हवेची परीक्षा सांगतात असे लिहिले. (याच निलँडर यांनी श्वेंडेनर यांचा सिद्धांत शेवटपर्यंत मानला नाही, निरीक्षण अचूक असूनही माणूस एका जागी अडू शकतो.) १९७० मध्ये हॉक्सवर्थ आणि रोझ या शैवाक-अभ्यासकांनी इंग्लंड-वेल्ससाठी झाडावरच्या शैवाकांवरून गंधकी धुराची दहा पायऱ्यांची मोजपट्टीच तयार केली. हवा मोजण्याची यंत्रे शहरात मोजक्या जागी बसतात. औद्योगिक वसाहतीपासून अंबड, बदनापूर, भोकरदनच्या दिशांना जाणाऱ्या रस्त्यांवरची जुनी झाडे राखली, तर प्रत्येक खोड वर्षानुवर्षांची नोंद ठेवणारे साधन होऊ शकते. यंत्र त्या क्षणाची हवा सांगते, शैवाक गेल्या अनेक वर्षांची. दोन्ही हवीत.

काळा मसाला करणाऱ्यांनी दगडफूल टाकणे सोडावे असे मी म्हणत नाही. त्याने ते गोळा करणाऱ्या डोंगरातल्या कुटुंबांचे उत्पन्न बुडेल आणि जंगल वाचेलच असेही नाही. खोड पूर्ण न खरवडता काही भाग मागे ठेवणे, गळून पडलेल्या फांद्यांवरचे आधी वेचणे, एकाच वनात दरवर्षी न जाणे, एवढी शिस्त वनविभागाने पाळून घ्यावी आणि मसाला कंपन्यांनी अशाच मालाला जास्त भाव द्यावा. जालन्याचे काम आणखी सोपे आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीला जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही दिली आहे. गावातल्या जुन्या झाडांची यादी करताना त्यांच्या खोडावरच्या शैवाकांचा फोटो आणि जागा या नोंदवहीत घालावी, शाळेतल्या मुलांना भिंग देऊन हे काम सोपवावे, आणि जालन्यातल्या महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांनी ओळख पटवण्याची जबाबदारी घ्यावी. पावसाळा संपताच शैवाके सर्वांत टवटवीत दिसतात. दिवाळीची सुट्टी या कामासाठी अगदी योग्य वेळ आहे.