सांगलीच्या आधी, कावेरीच्या मुलखात

दर वर्षी ५ नोव्हेंबरला आपण मराठी रंगभूमी दिन साजरा करतो. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगवलं, त्याचा हा दिवस. आणि दर वर्षी नाट्यशास्त्राच्या वर्गात कुणीतरी हात वर करून विचारतंच, "सर, मग तंजावरचं काय?" सांगलीच्या दीडशे वर्षं आधी, १६९०च्या सुमारास, तंजावरच्या शहाजीराजांनी 'लक्ष्मीनारायण कल्याण' हे नाटक मराठीत लिहिलं होतं. पाठ्यपुस्तकात या नाटकाच्या वाट्याला दोन ओळी येतात आणि पुढच्या परिच्छेदात आपण सांगलीला पोचलेले असतो. त्या दोन ओळींमागे काय आहे ते बघायला आमची मुलं मे महिन्यात तंजावरला गेली, सोबत मी. ऐन उन्हाळ्यात का, ते पुढे येईलच.

हे शहाजी म्हणजे शिवरायांचे वडील नव्हेत, पुतणे. थोरल्या शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी, म्हणजेच एकोजी, यांनी १६७५-७६च्या सुमारास तंजावर घेतलं. त्यांचा मुलगा शहाजी १६८४ साली गादीवर आला तेव्हा पोरसवदाच होता. १७१२ पर्यंत त्याने राज्य केलं आणि त्या अवधीत इतकं लिहिलं, की राज्यकारभाराला वेळ कधी मिळत असेल असा प्रश्न पडावा. १६९३ साली त्याने तिरुविसनल्लूर हे गाव ४६ पंडितांना इनाम दिलं आणि त्याचं नाव ठेवलं शहाजीराजपुरम.

सकाळी लवकर बृहदीश्वराच्या देवळात शिरलो. राजराज चोळाने १०१० साली पुरं केलेलं हे देऊळ. ग्रॅनाइटचं ते शिखर, तो नंदी, यांवर इतकं लिहून झालंय की मी भर घालत नाही. मुलांना ओढ होती ती प्राकाराच्या भिंतीची. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा सगळा इतिहास मराठीत, देवनागरीत, तिथल्या दगडावर कोरून घेतला आहे. चोळांच्या तमिळ शिलालेखांनी भरलेल्या आवारात अचानक आपली बाराखडी दिसली की पाऊल थबकतं. पायाखालची फरशी तापायला लागली होती, तरी मुलं एकेक अक्षर लावत भिंतीशी उभी राहिली. एक जण मोठ्याने वाचायचा, दुसरी त्याला थांबवून शब्द तोडून दाखवायची. शेजारून सहलीला आलेली तमिळ शाळकरी पोरं चाललेली, तीही थांबली. आपल्या गावच्या भिंतीवरचं हे कुणाला वाचताही येतं, याची त्यांना गंमत वाटत असावी.

मात्र त्या भिंतीपाशी अभिमानाने छाती फुगवून परत फिरलं तर तंजावर हातून निसटतं. शहाजीराजांच्या नाटकांत मराठी नाटकं थोडी, तेलुगू फार. तेलुगूतल्या नाटकांचाच आकडा वीसच्या आसपास धरतात. कारण सरळ आहे. मराठ्यांच्या आधी इथे नायक राजे होते, त्यांची दरबारी भाषा तेलुगू. रघुनाथ नायक, विजयराघव नायक हे स्वतः कवी. त्यांच्या दरबारात तेलुगू यक्षगान बहरलं होतं. मराठे आले, त्यांनी गादी घेतली आणि रंगमंच होता तसाच चालू ठेवला. दफ्तर मोडीत, शास्त्रचर्चा संस्कृतात, प्रजा तमिळ आणि गाणं-नाटक तेलुगूत, असा सगळा कारभार. त्यात राजाला कधी वाटलं, की हेच आपल्या घरच्या बोलीत करून बघू. 'लक्ष्मीनारायण कल्याण' हे अशा हौसेचं अपत्य आहे, असं माझं मत. त्याला 'पहिलं मराठी नाटक' म्हणून आपल्या वंशवृक्षाच्या मुळाशी चिकटवणं मला पटत नाही. ते वेगळ्याच झाडाचं फळ आहे.

राजा किती मोकळा होता हे 'सतीदानशूर' या त्याच्या तेलुगू नाटकात दिसतं. मन्नारगुडीच्या जत्रेला निघालेला ब्राह्मण वाटेत एका अंत्यज बाईवर भाळतो. बरोबरचा शिष्य शास्त्रातले दाखले देऊन गुरूला आवरू पाहतो आणि गुरू एकेक दाखला उलटवत जातो. बाईचा नवरा तर शेवटी बायकोच दान करायला निघतो. नाटकाचं नाव त्याच्यावरून. सतराव्या-अठराव्या शतकाच्या सांध्यावर गादीवर बसलेला राजा हे लिहितो आणि करवतो. आजच्या महाराष्ट्रात याचा प्रयोग लावून बघावा, पहिल्या अंकातच पोलीस बंदोबस्त मागवावा लागेल.

देवळातून राजवाड्यात. सरस्वती महाल ग्रंथालय तिथेच आहे. नायकांनी सुरू केलेल्या या संग्रहाला सरफोजींनी आजचं रूप दिलं आणि १९१८ साली ते सर्वांना खुलं झालं. हस्तलिखितं पन्नास हजारांच्या घरात, त्यांत मराठी तीन हजारांच्या आसपास. मोडी कागदांचे रुमाल वेगळेच. येणाऱ्या-जाणाऱ्याला पोथ्या हातात मिळत नाहीत, हे योग्यच. संग्रहालयाच्या दालनात काचेआडची ताडपत्रं बघायची आणि विक्रीच्या टेबलावर ग्रंथालयाची प्रकाशनं चाळायची. मुलांनी पैसे एकत्र केले ते इथे.

सरफोजींचं 'देवेंद्र कुरवंजी' हे मराठी नाटक ग्रंथालयाने छापलेलं आहे. कुरवंजी हा खास तमिळ प्रकार. विरहाने व्याकूळ नायिकेकडे डोंगरातली कुरत्ती, म्हणजे भविष्य सांगणारी बाई येते; हात बघण्याआधी आपल्या मुलखाचं, डोंगरांचं, नद्यांचं वर्णन गाते. सरफोजींनी नेमका हा सांधा पकडला. बाई मुलूख वर्णन करतेच आहे, तर साऱ्या पृथ्वीचंच करू दे! मग इंद्राणीपुढे उभी राहून त्यांची कुरवंजी खंड आणि देश गाऊन सांगते. श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिकलेला, १७९८ साली गादीवर बसलेला आणि पुढच्याच वर्षी किल्ल्याबाहेरचं राज्य कंपनीला देऊन बसलेला हा राजा. हातात मुलूख उरला नाही, तेव्हा त्याने जगाचा नकाशा नाटकात मांडला.

दुपारी केळीच्या पानावर जेवण. सांबार वाढलं गेलं आणि अपेक्षेप्रमाणे एकाने ती कथा सांगितलीच, की शहाजीराजांच्या मुदपाकखान्यात आमटीत चिंच पडली, पाहुणे संभाजीराजे होते, म्हणून नाव सांबार. कथा चविष्ट आहे. पुरावा मागू नये.

उन्हं कलल्यावर मेलट्टूरला निघालो. तंजावरपासून वीसेक किलोमीटरच्या आतलं हे गाव. नायक काळात अच्युतप्पा नायकाने ते ब्राह्मण कुटुंबांना दिलं आणि त्यांनी भागवत मेळ्याची परंपरा धरली. इथल्या वेंकटराम शास्त्र्यांनी लिहिलेली तेलुगू नाटकं आजही नृसिंह जयंतीच्या सुमारास वरदराज पेरुमाळच्या देवळासमोर होतात. वैशाख गाठायचा तो यासाठी.

रात्री उशिरा मृदंग सुरू झाला. पहिल्यांदा आला तो कोणंगी, उंच टोपीचा विदूषक, नाचत, लोकांना हसवत, गप्प बसवत. मग गणपतीचा मुखवटा घातलेला एक लहान मुलगा. त्याची पूजा झाली, तो नाचला, आत गेला. मग प्रत्येक पात्राचं प्रवेशाचं गाणं, त्याला 'प्रवेश दरू' म्हणतात. तिसऱ्या रांगेत बसलेल्या आमच्या मुलांची कुजबूज सुरू झाली. विदूषक, गणपती, मग पात्रांचा परिचय गाण्यातून. हे तर भाव्यांच्या नाटकांचं वर्णन! सूत्रधार, विदूषक, नाचत येणारा गजानन, मागून मोरावरची सरस्वती, हे सगळं त्यांनी परीक्षेसाठी पाठ केलेलं.

साम्य उगाच नाही. १८४२ साली कर्नाटकातली भागवत मंडळी सांगलीत आली, त्यांचे यक्षगानाचे खेळ सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांनी पाहिले आणि असंच काही मराठीत करायला भाव्यांना सांगितलं. म्हणजे सांगलीने तंजावरकडून काही घेतलं नाही; पण दोघांनीही दक्षिणेच्याच मांडवातून घेतलं, एकाने तेलुगूकडून, दुसऱ्याने कन्नडकडून. आपल्या नाटकाच्या इतिहासात संस्कृत नाटक आणि इंग्रजी नाटक यांना जेवढी पानं मिळतात, त्याच्या चौथा हिस्साही या यक्षगानाला मिळत नाही. देणंघेणं एकतर्फीही नव्हतं. एकोणिसाव्या शतकात मराठी कीर्तनकार तंजावरला गेले आणि तमिळ हरिकथेत साकी, दिंडी, ओवी रुजली. तंजावर कृष्ण भागवतरांच्या हरिकथेचा साज या मराठी कीर्तनावर उभा आहे. साकी-दिंडीच पुढे अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'त आपल्याला भेटते.

मेलट्टूरचा प्रह्लाद तेलुगूत बोलत होता आणि समोरचा गाव तमिळ. भाषा किती जणांना कळत होती कोण जाणे. कथा सगळ्यांना पाठ. आमच्यात एकीलाच शब्द लागत होते, ती सोलापूरची. घरी तेलुगू, शाळेत मराठी. पहाटेकडे नृसिंहाचा मुखवटा चढवलेला नट आवेशात आला, तेव्हा त्याला चार जणांनी धरून ठेवलेलं असतानाही ती कानात भाषांतर करत होती आणि मागचे "हळू बोल" म्हणत होते.

परतीच्या गाडीत वाद लागला तो यंदाच्या ५ नोव्हेंबरला काय करायचं याचा. 'लक्ष्मीनारायण कल्याण' सगळ्यांनी धरलं होतं. सोलापूरकरणीने मोडता घातला. तिचं म्हणणं, करायचं तर शहाजीराजांचं 'पंचभाषाविलास' करू. त्यात द्रविड, आंध्र, महाराष्ट्र अशा देशोदेशींच्या राजकन्या आपापल्या भाषेत बोलतात. तमिळ, तेलुगू, मराठी, हिंदी आणि संस्कृत एकाच रंगमंचावर. मला ते एकदम पटलं. तालमी सुरू आहेत. तेलुगू राजकन्या घरचीच, हिंदीची सोय झाली, संस्कृतसाठी एका निवृत्त शास्त्र्यांनी उच्चार घोटून घ्यायचं कबूल केलंय. मराठी राजकन्येच्या भूमिकेवरून भांडणं आहेत. तमिळ बोलणारी मात्र अजून शोधतोय.