सार्वमत म्हणजे काय? रायगडच्या २२ गावांत मत घेतलं, पण ते बंधनकारक होतं का?

बोर्ली पंचतन : केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये १२ औद्योगिक शहरांना मंजुरी दिली. त्यात श्रीवर्धन तालुक्यातल्या दिघी बंदराच्या नावाचं औद्योगिक क्षेत्रही आहे. किनाऱ्यावर असा प्रकल्प आला की 'आधी लोकांचं मत घ्या' ही मागणी होतेच. पण मत घेतलं तरी ते सरकारला ऐकावं लागतं का?

एखाद्या एकाच प्रश्नावर मतदारांनी थेट 'हो' किंवा 'नाही' असा कौल देणं म्हणजे सार्वमत. स्वित्झर्लंडमध्ये ते वर्षातून अनेकदा होतं. भारताच्या राज्यघटनेत मात्र सार्वमताची तरतूद नाही. त्यामुळे मतदानाआधी कायद्यात काय लिहिलंय, यावरच सगळं ठरतं.

पेणमध्ये काय झालं होतं?

२१ सप्टेंबर २००८. रिलायन्सच्या महामुंबई सेझसाठी जमीन द्यायची की नाही, यावर पेण तालुक्यातल्या २२ गावांत शेतकऱ्यांचं मत घेण्यात आलं. ही गावं हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातली. धरणाचं पाणी ज्या शेतांसाठी, तीच शेतं सेझला कशी देता, असा शेतकऱ्यांचा सवाल होता. प्रा. एन. डी. पाटील या आंदोलनाचे प्रमुख नेते होते.

मत नोंदवणाऱ्यांपैकी बहुसंख्य शेतकरी सेझच्या विरोधात गेले. पण हा कौल सरकारवर बंधनकारक करणारा कायदाच नव्हता. पुढे भूसंपादन रखडलं आणि सेझ बारगळला. त्यात या कौलाच्या राजकीय दबावाचा वाटा मोठा होता, पण कायद्याच्या भाषेत ती फक्त चाचणी होती. शिवाय मत होतं ते जमीनमालकांना. दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या मजुराला यात जागा नव्हती.

गोव्यात मात्र कौल चालला

गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की केंद्रशासित ठेवायचा, यावर १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झालं. त्यासाठी संसदेने आधी स्वतंत्र कायदा केला होता. मतदान निष्पक्ष व्हावं म्हणून विलीनीकरणवादी मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांचं सरकार पायउतार झालं. विलीनीकरणासाठी फूल आणि केंद्रशासित राहण्यासाठी दोन पानं, अशी चिन्हं होती. दोन पानं ३४,०२१ मतांनी जिंकली आणि विषय मिटला. गंमत म्हणजे त्यानंतर काही महिन्यांतच झालेल्या विधानसभा निवडणुकीत बांदोडकरच पुन्हा सत्तेवर आले. एकाच प्रश्नावरचा कौल आणि निवडणूक यातला फरक याहून स्पष्ट दिसणार नाही.

आपल्या गावात होणारं सार्वमत

ते आहे आडव्या बाटलीचं. राज्याच्या २००८ च्या आदेशानुसार गावातलं दारूचं दुकान बंद करण्यासाठी महिलांचं गुप्त मतदान घेता येतं. दुकान चालू हवं तर उभी बाटली, बंद हवं तर आडवी. इथला निकाल प्रशासनाला पाळावा लागतो.

मेख आकड्यांत आहे. झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला लागतात. समजा यादीत १,००० महिला आहेत. ६०० जणी आल्या आणि त्यातल्या ४८० जणींनी आडवी बाटली निवडली, म्हणजे ८० टक्के. तरी दुकान चालूच राहणार, कारण ५०१ मतं नाहीत. मतदानाला न आलेली प्रत्येक बाई इथे दुकानाच्या बाजूने मोजली जाते.

मग प्रकल्पाच्या वेळी काय?

खासगी कंपनीसाठी सरकार जमीन संपादित करत असेल, तर २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार ८० टक्के बाधित कुटुंबांची आधी संमती लागते. सरकारी-खासगी भागीदारीत हे प्रमाण ७० टक्के आहे. सरकार स्वतःसाठीच जमीन घेत असेल तर या कायद्यात संमतीची अट नाही.

पर्यावरण मंजुरीसाठीची जनसुनावणी हा वेगळाच प्रकार आहे. तिथे मतदान होत नाही, गणसंख्येची अट नाही. हात वर करणारे किती, यापेक्षा इतिवृत्तात कोणते आक्षेप नोंदले गेले हे महत्त्वाचं. सुनावणी संपताना त्याचा गोषवारा स्थानिक भाषेत वाचून दाखवणं बंधनकारक आहे. लेखी आक्षेप देऊन तो ऐकेपर्यंत थांबलेलं बरं.